सरावाच्या तोफगोळ्यांची ओळख : सातारा जिल्ह्यातील प्रकल्प नोंदी

५ नोव्हेंबर २०२३

दुसऱ्या महायुद्धातून परतलेल्या सैनिकांच्या घरी, गावच्या स्मारकांपाशी आणि तालमींत आजही जे तोफगोळे दिसतात, त्यांतले सरावाचे कोणते हे ठरवून त्यांची सचित्र नोंद करण्याचे काम आजपासून सुरू केले. गटात एक निवृत्त तोफखाना सुभेदार आहेत, फौंड्रीत आयुष्य घालवलेले एक पॅटर्नमेकर (ओतकामाच्या साच्यांसाठी नमुने बनवणारे कारागीर) आहेत आणि मोजमाप व लेखनाची जबाबदारी माझ्याकडे आहे.

पहिला निर्णय असा की आम्ही वस्तू गोळा करणार नाही, फक्त नोंदी गोळा करू. १९५९ च्या शस्त्र अधिनियमातील दारूगोळ्याच्या व्याख्येत तोफेचे शेलही येतात, आणि पोकळ गोळ्याच्या पोटात काय आहे हे बाहेरून पाहून कोणालाच सांगता येत नाही. 'सरावाचा' म्हणजे निरुपद्रवी, हा समज सर्वांत धोकादायक आहे. गोळा कुठे पडला हे निरीक्षकाला दिसावे म्हणून कित्येक सरावी गोळ्यांत काळ्या दारूचा लहान भरणा असे, काहींच्या बुडात ट्रेसर (उडत्या गोळ्याची वाट दिसावी म्हणून जळणारा मसाला) असे, आणि ऐंशी वर्षांनी या दोन्हींची अवस्था काय असेल याचा भरवसा धरता येत नाही. म्हणून ज्या वस्तूला आटे बसवलेले बूच, फ्यूज (स्फोट घडवणारी कळ) किंवा बंद बूड आहे, तिला हात न लावता फक्त दुरून छायाचित्र घ्यायचे आणि पोलीस ठाण्याला कळवायचे, असे ठरले. गोळा उघडून पाहणे, ड्रिल मारणे, ग्राइंडरवर ठिणगी पाहणे हे प्रकार पूर्णपणे वर्ज्य.

दुसरी बाब वर्गीकरणाची. ड्रिलचा गोळा तोफेत भरण्या-काढण्याच्या कवायतीसाठी असतो आणि तो कधीच डागला जात नाही. सरावाचा गोळा मात्र खराखुरा डागण्यासाठी बनवलेला असतो. त्याचे वजन आणि उड्डाण युद्धातल्या गोळ्याच्या शक्य तितके जवळ ठेवतात, पण पोलाद साधे वापरतात, उष्णतेची प्रक्रिया वगळतात आणि पोटात वाळू, डांबर किंवा स्फोटकाच्या घनतेचा निष्क्रिय भराव घालतात. युद्धकाळात यांचे इतके प्रकार दिसतात त्याचे कारण या काटकसरीतच आहे. जिथे जो धातू शिल्लक होता, ज्या कारखान्याला जे यंत्र मोकळे होते आणि तपासणीत नाकारलेली जी कवचे पडून होती, त्यांतून सरावाचा माल तयार होत असे.

१२ नोव्हेंबर २०२३

मोजमापाचा तक्ता पक्का केला. अंगाचा व्यास तीन ठिकाणी, एकूण लांबी, तांब्याच्या पट्ट्याची (नळीतल्या खाचांत रुतून गोळ्याला फिरकी देणाऱ्या कड्याची) रुंदी व बुडापासूनचे अंतर, वजन, टोकाचा आकार, बुडातली पोकळी आणि ठशांची कागदावर शिसपेन्सिलने घेतलेली छाप, एवढे रकाने आहेत. रंगाचा रकाना सर्वांत शेवटी ठेवला आहे. पुस्तकी पद्धतीत रंग पहिला असतो, कारण अमेरिकी व्यवस्थेत सरावाच्या गोळ्याला निळा रंग, चिलखतभेदीला काळा आणि स्फोटक गोळ्याला आधी पिवळा व पुढे पिवळ्या अक्षरांसह लष्करी हिरवा असे. त्यामुळे भांडारातून नुकत्याच आलेल्या मालाला रंगावरून ओळखणे योग्यच होते. आमच्या जिल्ह्यात त्याचा उपयोग जवळजवळ शून्य आहे. घरातला गोळा खंडेनवमीला पूजेत मांडला जातो, आणि पूजेआधी त्याला ऑइलपेंटचा हात दिला जातो, नाहीतर शेंदूर तरी फासला जातो. गेल्याच महिन्यात खंडेनवमी झाल्याने बहुतेक वस्तू या घडीला चकचकीत आहेत. व्यास मोजताना रंगाच्या थरांची जाडी वजा करावी लागेल, आणि त्यासाठी मालकांच्या परवानगीने, तेही पूजेचा मान राखून, फक्त बुडाकडची एक लहान पट्टी स्पिरिटने पुसायची असे ठरले.

२६ नोव्हेंबर २०२३

नोंद क्र. १, कोरेगाव तालुका. झळझळीत निळ्या रंगातला लहान भरीव गोळा. निळा म्हणजे अमेरिकी सरावी, असा निष्कर्ष पाहणाऱ्याने लगेच काढला असता. स्पिरिटने पुसल्यावर निळ्याखाली हिरवा, त्याखाली शेंदूर आणि सर्वांत खाली काळ्या रंगाचे अवशेष निघाले. निळा रंग घराच्या खिडक्यांचाच आहे, असे सूनबाईंनी हसत सांगितले.

अंगाचा व्यास ४० मिलिमीटरच्या किंचित आत भरला. इथे खरी अडचण सुरू होते, कारण ब्रिटिश साम्राज्याच्या सैन्यात ४० मिलिमीटरची एकच तोफ नव्हती. रणगाडाविरोधी २ पौंडी, विमानविरोधी बोफोर्स आणि नौदलाची २ पौंडी पॉमपॉम या तिघींचा व्यास तोच, पण काडतुसाच्या पितळी कोठ्यांची लांबी अनुक्रमे ३०४, ३११ आणि १५८ मिलिमीटर. कोठी जोडलेली असती तर प्रश्न क्षणात सुटला असता; इथे फक्त गोळा आहे, म्हणून वजन हाच आधार. २ पौंडी रणगाडाविरोधी तोफेचा भरीव शॉट नावाप्रमाणे २ पौंडांचा नसून २ पौंड ६ औंसांचा, म्हणजे सुमारे १.०८ किलोग्रॅमचा असतो, तर बोफोर्सचा पोकळ शेल ०.९ किलोग्रॅमच्या आसपास भरतो. आमचा काटा १.०५ दाखवतो, आणि गंजाने झालेली झीज धरली तर तो २ पौंडी शॉटच्या जागी नीट बसतो. बुडात ट्रेसरची रिकामी, जळून काळवंडलेली पोकळी आहे, म्हणजे गोळा डागलेला आहे, आणि पट्ट्यावर नळीच्या खाचांचे कापही आहेत.

आता चिलखतभेदी की सरावी? टोक तासून चपटे केलेले आहे, आदळून चपटे झालेले नाही, कारण कडा लेथवरची आहे आणि टोकाचे वर्तुळ अक्षाशी बरोबर काटकोनात आहे. ब्रिटिश रणगाडाविरोधी तोफांच्या सरावी शॉटना असे चपटे टोक दिले जाई. चपट्या टोकाला हवेचा विरोध जास्त होतो, त्यामुळे जवळच्या पल्ल्यात नेम युद्धातल्या गोळ्यासारखाच लागतो, पण लक्ष्य चुकवून पुढे गेलेला गोळा फार दूर जात नाही. लहान चाँदमारीच्या मैदानावर ही गोष्ट महत्त्वाची ठरते. गोळा भरीव असून बुडाची पोकळी रिकामी आहे याची खात्री झाल्यावर खांद्याजवळ कानस हलक्या हाताने फिरवली, आणि ती लगेच धातूत रुतली. चिलखतभेदी शॉटचे डोके कडक केलेले असते आणि त्यावर कानस घसरते. तेव्हा रणगाडाविरोधी २ पौंडी तोफेचा सरावी शॉट, असे नाव निश्चित केले.

१७ डिसेंबर २०२३

साताऱ्याजवळच्या एका तालमीत नोंद क्र. ३. तालमीतली पिढ्यान् पिढ्यांची समजूत अशी की हा पहिल्या महायुद्धातला १८ पौंडी गोळा असून वस्तादांचे आजे तो मेसोपोटेमियातून घेऊन आले. पोरे त्याला एका हाताने खांद्यावर घेऊन बैठका मारतात, त्यामुळे वरचा भाग आरशासारखा गुळगुळीत झाला आहे.

व्यास ८३ ते ८४ मिलिमीटर आहे, आणि १८ पौंडी तोफेचा ८३.८ असल्याने समजुतीला बळ मिळते. वजन ८.१ किलो, आणि त्या तोफेचा गोळा साडेअठरा पौंडांचा, म्हणजे ८.४ किलोंचा, हेही जवळचेच. बूच नाही, आटे नाहीत, सगळा भरीव. पाण्याच्या पिंपात बुडवून विस्थापन मोजले तेव्हा १.१२ लिटर भरले, म्हणजे घनता ७.२ च्या थोडी वर. पोलादाची घनता ७.८५ असते आणि ओतीव लोखंडाची साधारण ७.२, तेव्हा हा ओतीव लोखंडाचा गोळा. सरावाच्या गोळ्यांसाठी स्वस्त म्हणून ओतीव लोखंड वापरले जाई, त्यामुळे इथवर सर्व काही जुळत होते.

पण आमच्या पॅटर्नमेकरांनी व्हर्नियर मागून घेतला आणि बुडापासून टोकापर्यंत दर दोन बोटांवर व्यास घेत गेले. व्यास बुडाकडून वर सतत, अगदी सारख्या प्रमाणात कमी होत जातो. साच्यातून पॅटर्न सुखरूप निघावा म्हणून दिलेला हा उतार आहे, आणि अंगावर दोन्ही बाजूंना साच्याच्या सांध्याची पुसट रेघही आहे. तोफेचा गोळा नळीत सरळ चालावा म्हणून त्याच्या खांद्याचा पट्टा लेथवर अचूक तासलेला असतो. इथे लेथचा स्पर्शच नाही. निर्णायक गोष्ट अशी की तांब्याचा पट्टा बसवायची खाचच मुळात नाही, आणि खाचांच्या नळीतून डागायच्या गोळ्याला पट्ट्याशिवाय फिरकी मिळू शकत नाही. ही वस्तू तोफेसाठी बनलेलीच नव्हती. कोणत्यातरी फौंड्रीने खऱ्या गोळ्याचे माप घेऊन तालमीसाठी ओतलेले ते वजन आहे. खरा गोळा एके काळी इथे होता आणि त्यावरूनच माप घेतले गेले, असे मला वाटते, कारण व्यास इतका नेमका योगायोगाने येत नाही. वस्तादांनी हे शांतपणे ऐकून घेतले आणि गोळा पुन्हा मारुतीच्या मूर्तीशेजारी ठेवला. नोंद 'प्रतिकृती' या वर्गात.

७ जानेवारी २०२४

नोंद क्र. ५ स्थगित. पाटण तालुक्यातील एका घराच्या माळ्यावर पोकळ शेल सापडला, फ्यूजच्या जागी पितळी बूच घट्ट बसलेले आहे. माळ्यावर कोणी जायचे नाही असे घरच्यांना सांगून पोलीस ठाण्याला कळवले. बॉम्बशोधक व नाशक पथकाने तो त्यांच्या पद्धतीने नेला. आमच्याकडे दारातून घेतलेले एक छायाचित्र आहे, आणि त्यावरून काही ठरवण्याचा प्रयत्न आम्ही करणार नाही.

२१ जानेवारी २०२४

नोंद क्र. ६, वाई तालुका. या वस्तूने सर्वांत जास्त वेळ घेतला आणि तो सार्थकी लागला. अंगणात तुळशीजवळ उभा केलेला, डागलेला, जड भरीव शॉट. घरच्या आजोबांनी 'अठरा पौंडीवर' नोकरी केली असे सर्वजण सांगतात, आणि त्यामुळे हा गोळाही १८ पौंडीचाच असे मानले जाते. वजन ८.९ किलो. गंजामुळे अंगाचा व्यास ठिकठिकाणी ८६ ते ८७ मिलिमीटर भरतो, म्हणून निव्वळ व्यासावर विसंबता येईना.

तांब्याच्या पट्ट्याचा साधारण एकतृतीयांश भाग शिल्लक आहे, बाकीचा कोणीतरी तांब्यासाठी छिनून नेला असावा. उरलेल्या भागावर नळीच्या खाचांचे काप स्वच्छ उमटले आहेत. पूर्ण पट्टा नसला तरी दोन कापांमधले अंतर मोजता येते, आणि ते सरासरी साडेदहा मिलिमीटर आले. १८ पौंडी तोफेच्या नळीत १८ खाचा, ८३.८ मिलिमीटर व्यासाचा परीघ २६३ मिलिमीटर, म्हणून तिच्या गोळ्यावर काप साडेचौदा मिलिमीटरवर यायला हवेत. २५ पौंडी तोफेत २६ खाचा. तिचा व्यास ८७.६ आणि परीघ २७५, तेव्हा अंतर १०.६ मिलिमीटर. उत्तर समोर आले. तरीही कापांचा तिरकेपणा तपासला. २५ पौंडीच्या नळीत गोळा २० व्यासांच्या लांबीत एक फेरी घेतो, म्हणजे काप अक्षाशी सुमारे ९ अंशांचा कोन करतात. १८ पौंडीत हीच फेरी ३० व्यासांत होते आणि कोन ६ अंशांचा राहतो. कागदी छापेवर कोनमापकाने ९ च्या आसपासच आकडा आला.

मग आजोबांची आठवण चुकीची का? मुळीच नाही. १९३० च्या दशकाच्या अखेरीस १८ पौंडी तोफांच्याच गाड्यांवर ८७.६ मिलिमीटरच्या नव्या नळ्या बसवून पहिल्या प्रकारच्या २५ पौंडी तोफा तयार केल्या गेल्या, आणि सैनिकांच्या बोलण्यात त्यांना '१८/२५ पौंडी' म्हणत. गाडी जुनी, चाके जुनी आणि नळी नवी अशा तोफेला जुन्या नावानेच ओळखणारा गोलंदाज अगदी समजण्यासारखा आहे.

राहिला प्रश्न वर्गाचा. २५ पौंडीचा स्फोटक शेल २५ पौंडांचा, पण रणगाड्यांसाठीचा भरीव शॉट २० पौंडांचा, म्हणजे ९.०७ किलोंचा असतो, आणि आमचे वजन त्याच्याशी जुळते. टोक निमुळते आहे. बुडातील ट्रेसरची जागा रिकामी असल्याचे पाहून खांद्याशी कानस लावली, ती काचेवरून घसरावी तशी घसरली. हा सरावाचा गोळा नाही, कडक केलेला चिलखतभेदी शॉट आहे. तो एखाद्या चाँदमारीतच डागला गेला असेल हे शक्य आहे, परंतु आमच्या सूचीत वस्तूचा वर्ग ती कशासाठी बनवली यावरून ठरतो, कुठे डागली यावरून नाही. घरच्यांना १८ ऐवजी २५ हा आकडा फारसा भावला नाही. 'गोळा तोच आहे ना?' असे विचारून त्यांनी चहा पुढे केला.

११ फेब्रुवारी २०२४

आजचा दिवस फक्त ठशांच्या छापा लावण्यात गेला. बाणाचा ठसा सर्वत्र आहे, पण बाण एकटा असेल तर ब्रिटिश, बाणाखाली 'आय' असेल तर भारतीय, 'सी' अक्षराच्या पोटात असेल तर कॅनडाचा, दोन 'डी' अक्षरांच्या मध्ये असेल तर ऑस्ट्रेलियाचा आणि 'यू' अक्षरात असेल तर दक्षिण आफ्रिकेचा माल. या जिल्ह्यात एवढ्या देशांचे ठसे एकत्र का मिळतात, असे सुभेदारसाहेबांनी विचारले. १९४० मध्ये दिल्लीत सुएझच्या पूर्वेकडील देशांची परिषद भरली आणि त्यातून ईस्टर्न ग्रुप सप्लाय कौन्सिल निर्माण झाली, ज्यामुळे भारत, ऑस्ट्रेलिया, दक्षिण आफ्रिका यांच्या कारखान्यांचा माल पश्चिम आशियातील व पूर्वेकडील सैन्याला एकत्रित पुरवला जाऊ लागला. एकाच तोफेजवळ तीन देशांच्या पेट्या येणे त्यानंतर नेहमीचे झाले. भारतातली काशीपूरची गन अँड शेल फॅक्टरी तर एकोणिसाव्या शतकाच्या आरंभापासूनची आहे.

एक सावधगिरी नोंदवून ठेवतो. ठसा कवच बनवणाऱ्याचा असतो, आणि कवच भरणारा कारखाना वेगळा असू शकतो. भरणाऱ्याची खूण बहुतेक वेळा रंगात लिहिलेली असल्याने ती खंडेनवमीच्या रंगाखाली केव्हाच गेली. त्यामुळे 'भारतात बनलेला' असे न लिहिता 'भारतीय ठशाचे कवच' असे लिहायचे.

२५ फेब्रुवारी २०२४

नोंद क्र. ९, इटलीच्या आघाडीवरून आणलेला गोळा. मराठा पलटणी तिथे लढल्या, आणि त्या भागातून आठवण म्हणून आणलेल्या वस्तू जिल्ह्यात अधूनमधून दिसतात. गोळा रिकामा, दोन्ही बाजूंनी उघडा आहे, आरपार दिसते, त्यामुळे हाताळण्यास हरकत नव्हती.

पट्टा दिसायला तांब्याचा, पण लोहचुंबक त्याला चिकटतो. हे पाहताच मूळ ठरले. तांब्याच्या टंचाईमुळे जर्मनीने गोळ्यांचे पट्टे आधी तांब्याचा थर चढवलेल्या पोलादाचे, आणि मग नरम लोखंडाचे व भुकटी दाबून बनवलेल्या लोखंडाचे केले. पहिल्या प्रकारासाठी 'के पी एस' ही अक्षरे वापरत, तर भुकटीच्या लोखंडासाठी 'एफ ई एस'. आमच्या वस्तूवर पट्ट्याजवळ 'के पी एस' वाचता येते. ब्रिटिश गोळ्यांच्या पट्ट्याला चुंबक लागत नाही, म्हणून चुंबक आता तक्त्यातील कायमचा रकाना झाला. जर्मन सरावी गोळ्यावर 'यूबी' अशी खूण असे. ती इथे नाही, तेव्हा वस्तू परिशिष्टात जाईल, मुख्य सूचीत नाही.

१० मार्च २०२४

एका स्मारकाच्या चौथऱ्यावर शेजारीशेजारी उभे दोन पोकळ शेल, नोंद क्र. ११ आणि १२. दोन्हींचा व्यास ९४ मिलिमीटर. फलकावर दोघांनाही 'पहाडी तोफेचे गोळे' म्हटले आहे. दोन्हींची बुचे काढलेली असून पोटे रिकामी आहेत, हे स्मारक उभारताना तपासल्याचे कागद समितीकडे आहेत.

३.७ इंची पहाडी हॉवित्झर आणि ३.७ इंची विमानविरोधी तोफ या दोघींचा व्यास सारखाच, पण स्वभाव अगदी वेगळा. हॉवित्झर पहिल्या महायुद्धात १९१७ मध्ये वापरात आली, सुटी करून आठ खेचरांवर लादता येई, आणि तिचा गोळा २० पौंडांचा, संथ गतीने उंच चढून उतरणारा. विमानविरोधी तोफ १९३० च्या दशकाच्या शेवटची, तिचा गोळा २८ पौंडांचा आणि त्याची आरंभीची गती हॉवित्झरच्या गोळ्यापेक्षा अडीच पटींहून अधिक. इतक्या वेगात फिरकी घेताना पट्ट्यावर येणारा ताण मोठा, म्हणून विमानविरोधी गोळ्याचा पट्टा रुंद आणि भक्कम, तर हॉवित्झरचा अरुंद. चौथऱ्यावरचा डावा शेल अरुंद पट्ट्याचा, उजवा रुंद पट्ट्याचा. फलक निम्माच बरोबर आहे. भिंतीची जाडी, आतला खडबडीत पृष्ठभाग आणि पोटात चिकटलेले डांबर यावरून उजवा शेल निष्क्रिय भरावाचा, म्हणजे सरावासाठी भरलेला ठरतो. डाव्याचे आतले अंग घासून स्वच्छ केलेले असल्याने त्याचा वर्ग 'रिकामे कवच' एवढाच ठेवला. फलकाबाबत समितीला लेखी कळवले, आणि शब्दरचनेचा मसुदाही सोबत दिला.

३१ मार्च २०२४

सूचीची पहिली प्रत तयार झाली. रकान्यांचा क्रम असा ठरला : वजन, व्यास, पट्टा व त्यावरचे काप, चुंबक, टोक, बूड, ठसे, आणि शेवटी रंग. प्रत्येक नोंदीपुढे नाव कशाच्या आधारे दिले तेही लिहिले आहे, म्हणजे पुढे कोणाला फेरतपासणी करायची झाली तर आमच्या मतावर विसंबावे लागणार नाही. कुटुंबाने सांगितलेली हकीकत स्वतंत्र रकान्यात, जशीच्या तशी ठेवली आहे. तिचा उपयोग वर्ग ठरवण्यासाठी नाही, पण वाईच्या नोंदीत दिसले तसे ती कित्येकदा तोफेपर्यंत घेऊन जाते.

पुढील कामात फलटण आणि खटाव तालुक्यांतील नोंदी घ्यायच्या आहेत. सुभेदारसाहेबांनी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयामार्फत माजी सैनिकांच्या कुटुंबांना पत्रे पाठवण्याचे सुचवले आहे, आणि पत्रात पहिले वाक्य 'वस्तू हलवू नये, पुसू नये, आमच्याकडे आणू नये' हेच असावे असा त्यांचा आग्रह आहे. पॅटर्नमेकरांनी पट्ट्यावरील कापांचे अंतर मोजण्यासाठी लवचीक पितळी पत्री बनवायला घेतली आहे, जिच्यावर १८, २६ आणि बोफोर्सच्या १६ खाचांची अंतरे आधीच कोरलेली असतील.